युथ ऑर्केस्ट्रात मुलीची निवड झाली, आता घरच्यांनी काय करायचं?

ओसरी
मुलगी १२ वर्षांची आहे, व्हायोलिन वाजवते. न्यू जर्सीतल्या एका युथ ऑर्केस्ट्रात निवड झाली आहे, जागा सेकंड व्हायोलिनमध्ये (व्हायोलिनच्या दोन गटांपैकी दुसऱ्यात). सप्टेंबरपासून दर रविवारी अडीच तास तालीम, डिसेंबरात पहिली कॉन्सर्ट. आम्हा दोघांनाही पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. तालमीतले अलिखित नियम काय असतात, घरी आम्ही कशात लक्ष घालायचं आणि कशात नाही, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. दोन अडचणी आहेत. गणपती आणि दिवाळीचे मंडळाचे कार्यक्रम नेमके रविवारी येतात, आणि तिचा कर्नाटक व्हायोलिनचा क्लासही चालू आहे. कॉन्सर्टला आजी-आजोबा पुण्याहून येणार आहेत, त्यांनाही काय सांगून ठेवावं?

गजधर
मुलीचं अभिनंदन! तालमीपासून सुरुवात करतो.

तालीम चारला असेल तर चार वाजता पहिला स्वर वाजतो. पोचायची वेळ पावणेचार. पेटी उघडणं, शोल्डर रेस्ट (खांद्यावरचा आधार) लावणं, बोला म्हणजे गजाला रोझिन (राळ) लावणं, जागेवर बसून तारा जुळवणं, एवढं सगळं या पंधरा मिनिटांत व्हायला हवं. चारला ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) ‘ए’ हा स्वर देतो आणि त्यावर सगळे जुळवतात. तो स्वर चालू असताना कोणी कॉन्चेर्तोतली (एकल वादकासाठीच्या रचनेतली) अवघड जागा घासत बसलं तर बाकीच्यांना आपली तारच ऐकू येत नाही. ट्यूनिंगच्या वेळी फक्त ट्यूनिंग करायचं.

व्हायोलिनवाले दोघांत नोटेशन ठेवायचा एक स्टँड वापरतात. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, दुसरा आतला. पान उलटायचं काम आतल्याचं. पान संपण्याआधी एक-दोन बार (नोटेशनमधले तालाचे कप्पे) तो वाजवणं थांबवतो आणि उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. एकाच ओळीत दोन स्वर वेगवेगळे वाटून दिलेले असले तर सहसा वरचा बाहेरच्याने, खालचा आतल्याने घ्यायचा. हे माहीत नसलं की पहिल्या दिवशी दोघंही पान उलटायला जातात, नाहीतर कोणीच जात नाही.

पेन्सिल हवीच, आणि मऊ, २बी. पेन कधीही नाही, कारण नोटेशन बहुतेक वेळा भाड्याने किंवा लायब्ररीतून आणलेलं असतं आणि पुसून परत द्यावं लागतं. बोची दिशा वरून येते: कॉन्सर्टमास्टर (फर्स्ट व्हायोलिनचा प्रमुख) ठरवतो, बाकी स्ट्रिंग्जचे विभागप्रमुख त्याच्याशी जुळवून घेतात, मग ती एकेक स्टँड मागे सरकते. मागच्या स्टँडवर पोचेपर्यंत पेन्सिल हातात नसेल तर पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे बो वर आणि हिचा खाली, आणि हे प्रेक्षकांत शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

कंडक्टरची, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याची, काठी थांबली की आवाज त्याच क्षणी थांबायला हवा. ‘एवढी ओळ संपवते’ चालत नाही. शंका असेल तर आधी स्टँडच्या जोडीदाराला हळूच विचारायची, मग विभागप्रमुखाला, आणि तोही अडला तर तो कंडक्टरला विचारतो. शेजारी चुकला की मान वळवून बघायचं नाही. नवीन मुलं हे नकळत करतात आणि शेजारचं मूल पार गारठतं. घरी बसवून सांगावा असा हाच एक नियम आहे, बाकीचे तिथे बघून येतात.

सेलोची_पाठराखण
पालकांचं सांगते. तालमीच्या खोलीत बसू नका, आग्रहाने बोलावलं तरच बसा. आई-बाबा दिसले की मूल कंडक्टरकडे बघायच्या ऐवजी आपल्याकडे बघतं. गाडीत बसा, बाहेर चक्कर मारा, नाहीतर ऑर्केस्ट्राच्या कामाला हात लावा. खुर्च्या-स्टँड मांडायला, ब्रेकमध्ये लहान मुलांवर लक्ष ठेवायला, कॉन्सर्टच्या दिवशी दारावर कार्यक्रमपत्रिका वाटायला माणसं कायम कमी पडतात. आपण मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात तासन्‌तास उभे राहतो, तीच सवय इथेही कामाला येते.

बॅगेत काय असावं: नोटेशनचा काळा फोल्डर, दोन पेन्सिली आणि खोडरबर, रोझिन, तारांचा एक पूर्ण जादा संच (‘ई’ तार सगळ्यात आधी तुटते), मऊ सुती फडकं, पाणी. स्टँड घरून न्यायचा की तिथे मिळतो, ते आधी विचारा. पेटीवर आत-बाहेर नाव आणि फोन नंबर. एकसारख्या तीस काळ्या पेट्या एका खोलीत असतात.

खाऊ: शेंगदाणे, काजू, बदाम नकोत, अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच ठिकाणी बंदीच असते. चिवडा, चकली, पुरी-भाजी ब्रेकला देऊ नका. तेलाचं बोट बोच्या केसांना लागलं की तेवढा पट्टा रोझिन धरत नाही, तिथे बो तारेवरून नुसता घसरतो, आणि बऱ्याचदा केसच बदलून घ्यावे लागतात. इडली, केळं, साधं सँडविच ठीक. खाल्ल्यावर साबणाने हात धुवायचे, नुसते ओले करून पुसायचे नाहीत.

रीडपान
फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी यात भर. क्लॅरिनेट, ओबो, फ्लूट वाजवणाऱ्याने ब्रेकमध्ये ज्यूस किंवा चॉकलेट खाल्लं तर तोंड खळखळून धुतल्याशिवाय वाद्याला लावू नये. साखर श्वासाबरोबर आत जाते, भोकं झाकणारे पॅड चिकटतात आणि किल्ली उघडताना ‘टच’ असा आवाज येऊ लागतो. दात घासायचा छोटा ब्रश बॅगेत असावा.

रीड (तोंडाशी कंप पावणारी वेताची पट्टी) एकच ठेवू नका. चालू तीन-चार आलटून पालटून वापरायच्या आणि कॉन्सर्टच्या दिवशी कोरी रीड काढायची नाही. लाकडी क्लॅरिनेट वा ओबो जानेवारीत गाडीतून काढून लगेच फुंकला तर आतून गरम, बाहेरून थंड असं होऊन लाकडाला चीर जाते. पेटी उघडून दहा मिनिटं खोलीत ठेवा, मग वाजवा. वाजवून झालं की दर वेळी आतून फडकं ओढायचं, कितीही घाई असली तरी.

ओसरी
खूप उपयोगी. गाडीवरून आठवलं: शनिवारीच वाद्य डिकीत ठेवलं तर चालेल का? आणि हिवाळ्यात घरात हीटर सतत चालू असतो.

गजधर
डिकीत नको, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं. बंद गाडीच्या उन्हात सरस मऊ पडतो, कडेचे सांधे सुटतात आणि वॉर्निश पेटीच्या अस्तराला चिकटतं.

हिवाळ्याचा त्रास उलटा. हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, खुंट्या निसटतात. सकाळी पेटी उघडावी तर चारही तारा लोळलेल्या. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. वीसेक डॉलरचा हायग्रोमीटर पेटीत ठेवला की अंदाज येतो. ४०च्या खाली जाऊ लागला तर पेटीत ठेवायची ओलाव्याची नळी मिळते. ती भिजवून, पिळून, बाहेरून पूर्ण कोरडी करूनच ठेवायची.

तारा बदलताना एक काढायची, एक चढवायची. चारही एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट (वरच्या-खालच्या फळीमधली लाकडी दांडी) पडू शकतो. तो गोंदाने चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. पडला तर वाद्य तसंच ल्यूथियरकडे (वाद्य बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या, तारा ताणू नका.

बो किती घट्ट? मध्यभागी लाकूड आणि केस यांत पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. वाजवून झालं की सैल. आणि १२व्या वर्षी पूर्ण आकाराचं वाद्य घ्यायची घाई नको. हात ताणून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत साधारण ५८ सेंमी भरेपर्यंत ३/४ आकाराचं वापरा. ‘पुढे लागेलच’ म्हणून मोठं दिलं तर डावं मनगट आत मोडतं आणि चौथं बोट (करंगळी) कायम खालच्या स्वरावर पडतं. भाड्याने घेणं उत्तम, आकार बदलून मिळतो.

मांडवीकाठ
आमच्याकडे गोव्यात नि मुंबईत पावसाळ्यात याच्या नेमकं उलट होतं. खुंट्या फुगून अडकतात, बोचे केस लांबतात आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही ताण येत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि वाद्य रोज बाहेर काढायचं, नाहीतर अस्तराला बुरशी येते. अडकलेली खुंटी पकडीने फिरवू नये. त्याने खुंटीपेटीला चीर पडते.

सराव कसा करायचा ते अजून कोणी लिहिलं नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मेस्त (संगीतशिक्षक) आधी सोल्फेज पक्कं करून घेत, म्हणजे नोटेशन बघून स्वर तोंडाने म्हणायचे, हाताने ताल धरायचा, आणि मग वाद्य. त्या शिस्तीत वाढलेले वादक मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांमध्ये समोर येईल ते नोटेशन पहिल्या बैठकीत वाजवत. माझोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. युथ ऑर्केस्ट्रातही हेच लागतं. मुलांची बोटं चालतात, अडतात ती विरामांवर. २३ बार गप्प बसून २४व्याला बरोबर उठायचं, हे सोलो शिकवणीत कुणी शिकवत नाही. घरी रेकॉर्डिंग लावून, वाद्य हातात न घेता, बोट नोटेशनवर फिरवत दोनदा ऐकायचं. आपण थांबतो तेव्हा कोण वाजवतंय ते पेन्सिलीने लिहून ठेवायचं: ‘इथे हॉर्न’, ‘इथे ओबो’. मोजणी चुकली तरी ओबो ऐकून सावरता येतं.

युथ ऑर्केस्ट्रा आपल्यासाठी अगदी नवखी गोष्ट आहे असंही समजू नका. लॉस एंजेलिसमधली अमेरिकन युथ सिम्फनी १९६४ साली उभी केली ती मुंबईच्या मेहली मेहतांनी, १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढली तेच. १९९८पर्यंत ते तिचे कंडक्टर होते. आणि पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन २००९पासून गरीब घरांतल्या मुलांना हीच वाद्यं शिकवते आहे.

निळी_शाई
सरावाचं वेळापत्रक लिहिते. नोटेशन हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात सगळं वाजवत बसायचं नाही. अवघड बार शोधून त्यांना चौकट करायची, पानामागे चार-पाच निघतात. ते मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर) मूळ लयीच्या साठ टक्क्यांवर. सलग तीनदा बिनचूक आलं की चार-पाच ठोके वाढवायचे, चुकलं की परत मागे. वीस मिनिटं, मग पाच मिनिटं वाद्य खाली. असे दोन फेरे रोज या वयाला पुरतात. रविवारी तालमीआधी तासभर घासून नेलं तर तिथे पोचेस्तोवर खांदा दमलेला असतो.

वाजवण्याची प्रत वेगळी काढा. पानं स्टेपल करू नका, पुस्तकासारखी उलटतील अशी टेपने जोडा. मूळ प्रत घरी.

पालकांचं काम वेळ ठरवून देणं आणि त्या वेळात टीव्ही बंद ठेवणं, एवढंच. ‘हे बेसूर आलं’ असं स्वयंपाकघरातून ओरडणं बंद. ते तिला आधीच कळलेलं असतं.

परसदार
इथे थोडा वेगळा विचार. १२ वर्षांचं मूल स्वतःहून चौकटी आखून बसत नाही. सुरुवातीला आई-बाबांनी शेजारी बसावं असं वाटतं. आणखी एक विचारायचं होतं. मूल चांगलं वाजवत असून सेकंड व्हायोलिनमध्ये, तेही मागच्या स्टँडवर बसवलं, तर कंडक्टरला भेटून विचारणं यात चूक काय?

निळी_शाई
शेजारी बसायला हरकत नाही. बसून विचारा, ‘आज कुठले बार?’ उत्तर तिने द्यायचं.

गजधर
परसदार, जागेबद्दल कंडक्टरला पालकांनी विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण देतो.

सेकंड व्हायोलिन ही दुय्यम जागा नाही. सूर वर फर्स्टकडे असतो, खाली बेस असतो, आणि मधली लय नि स्वरसंगती सेकंड आणि व्हियोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) धरतात. ती डळमळली की फर्स्टचा सूर कितीही गोड असो, सगळं कोसळतं. म्हणून समजूतदार कंडक्टर काही पक्के वादक मुद्दाम सेकंडला देतो. मागच्या स्टँडलाही तेच लागू. तिथे आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे कानावर विसंबलं तर मागे पडायला होतं. डोळा काठीवर ठेवून वाजवणारं मूल तिथे हवं असतं. बऱ्याच युथ ऑर्केस्ट्रांत दर कॉन्सर्टला जागा फिरवतातही.

शिवाय पालक भेटून आले हे मुलांना तासाभरात कळतं, आणि मग पुढची जागा मिळाली तरी ती तिची स्वतःची राहत नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असेल तर तिने स्वतः विचारावं, आणि असं: ‘पुढच्या ऑडिशनसाठी मी कशावर काम करू?’ या प्रश्नाला सगळे कंडक्टर मनापासून उत्तर देतात. ऑडिशन म्हणजे साधारण दोन-तीन स्केल (स्वरांचे आरोह-अवरोह), एक संथ आणि एक जलद उतारा, आणि समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं. शेवटच्या भागात बहुतेकांचे गुण जातात.

फी, गैरहजेरी, वेळापत्रक, दुसऱ्या मुलाचा त्रास, यासाठी मॅनेजर असतो. त्याला जरूर लिहा. रागात लिहिलेला ईमेल मात्र एक रात्र ड्राफ्टमध्ये राहू द्या.

परसदार
मधल्या सुरांचं पटलं. मॅनेजरकडेच जाईन.

सेलोची_पाठराखण
गणपती-दिवाळीचं राहिलं. हंगामाच्या सुरुवातीला अडचणीच्या तारखा कळवायचा फॉर्म येतो. तेव्हाच पंचांग बघून दोन्ही तारखा भरा आणि कारण स्पष्ट लिहा. ऑगस्टमध्ये कळवलेली सुट्टी सहज मिळते. आदल्या रात्री कळवलं तर तिच्या स्टँडचा जोडीदार एकटा पडतो, पान उलटायला कोणी नसतं. बहुतेक ठिकाणी हंगामात दोन-तीनच गैरहजेऱ्या चालतात, आणि कॉन्सर्टआधीच्या शेवटच्या दोन तालमी चुकवता येत नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात नाटकाची प्रमुख भूमिका आणि ऑर्केस्ट्रा, दोन्ही एकाच शरद ऋतूत घेऊ नका. आरतीला जायला कोणी अडवत नाही.

दसऱ्याचंही सांगते, कारण घरोघरी हे होतं. वाद्याची पूजा अवश्य करा, पण हळद-कुंकू, गंध, ओली फुलं थेट लाकडावर नकोत. कुंकू वॉर्निशच्या बारीक भेगांत बसतं आणि निघत नाही. ओल्या फुलाखाली पांढरट डाग उठतो. आणि डाग काढायला कोणी सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर वॉर्निशच विरघळून येतं. पाटावर स्वच्छ फडकं घालून त्यावर वाद्य, कुंकू पेटीच्या बाहेरच्या बाजूला, फूल पाटावर, समई हातभर लांब. भाड्याचं वाद्य असेल तर डागाचे पैसे आपल्याकडून घेतात, तेही ध्यानात असू द्या.

मांडवीकाठ
कर्नाटक क्लाससाठी दुसरं वाद्य ठेवा. तिकडे सा-प-सा-प जुळवणी, पट्टीही खालची, आणि बोटांना तेल लावायची पद्धत. तेच व्हायोलिन दर आठवड्याला उतरवून-चढवून ‘जी-डी-ए-ई’ या पाश्चात्त्य जुळवणीवर आणलं तर तारा लवकर मरतात, आणि चढवताना घोडी (तारा पेलणारी लाकडी पट्टी) खुंट्यांच्या दिशेने झुकत जाते. सरळ केली नाही तर एक दिवस आडवी होते. साध्या प्रतीचं दुसरं वाद्य चालेल, पण बो मात्र दोन्हीकडे वेगवेगळाच. गमक (कर्नाटक संगीतातलं स्वरांचं आंदोलन) आणि व्हायब्राटो (पाश्चात्त्य स्वरकंप) यांची सरमिसळ होईल अशी भीती बाळगू नका. दोन गुरूंकडे दोन वाद्यं असली की मुलं ते छान वेगळं ठेवतात.

रीडपान
दुखण्याबद्दल. मान, मनगट, अंगठा दुखत असेल तर ‘सरावाने जाईल’ म्हणू नका. वाजवणं थांबवून दोन दिवस विश्रांती आणि शिक्षकांना दाखवणं. बहुतेक वेळा शोल्डर रेस्टची उंची चुकलेली असते. त्याने गेलं नाही तर डॉक्टर. लांब सुट्टीनंतर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मा वेळच वाजवायचं.

कानांचंही पाहा. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ट्रम्पेट किंवा पिकोलोच्या (छोट्या, तीव्र आवाजाच्या बासरीच्या) पुढ्यात बसणाऱ्या मुलाला संगीतकारांचे इअरप्लग द्या. ते सगळे स्वर सारखेच कमी करतात. साध्या फोमच्या बोळ्यांनी वरचे स्वर जास्त दबतात आणि स्वर जुळवता येत नाही.

निळी_शाई
कॉन्सर्ट आणि आजी-आजोबा. पोशाख बहुधा पूर्ण काळा असतो. काळे मोजे लांब, बसल्यावर पायाची कातडी दिसू नये. टिकल्यांचं, चमचमतं काही नको, दिव्यात ते कंडक्टरच्या डोळ्यांवर येतं. बांगड्या आणि लटकते डूल काढून ठेवायचे, वाद्यावर वाजतात. टिकली खुशाल लावावी. अत्तर नको.

आजी-आजोबांना सांगायचं ते एवढंच: सिम्फनीत (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेत) बहुतेक चार मूव्हमेंट, म्हणजे भाग, असतात आणि टाळ्या शेवटी. आपल्याला जागेवर दाद द्यायची सवय, तीही सुंदर आहे, पण इथे वादक मधल्या शांततेत पुढची लय मनात धरत असतात. टाळीच्या जागेची खूण म्हणजे कंडक्टरचे हात. ते पूर्ण खाली आले, तो प्रेक्षकांकडे वळला, की वाजवा. मोठ्याने संपलं म्हणजे कार्यक्रम संपला असं नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीची तिसरी मूव्हमेंट अशी दणदणीत संपते की हमखास फसायला होतं, खरा शेवट अगदी हळू आहे.

उशीर झाला तर दारावरचा माणूस सोडेल तेव्हाच आत जायचं, सहसा दोन रचनांच्या मध्ये. खोकल्याची गोळी आधीच कागदातून सोडवून रुमालात ठेवा. व्हिडिओ काढू नका. नोटेशनचे हक्क असतात आणि इतरांची मुलंही त्यात येतात. बहुतेक संस्था स्वतःचं रेकॉर्डिंग देतात. फुलं कार्यक्रम झाल्यावर लॉबीत. पाया पडणं, फोटो, सगळं लॉबीत, आणि स्टँडच्या जोडीदारालाही फोटोत घ्या.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्ममध्ये दोन्ही तारखा आजच भरते. शेवटचा प्रश्न: कॉन्सर्टनंतर तीन आठवडे पुण्याला जाणार आहोत. व्हायोलिन न्यावं का?

गजधर
तीन आठवडे म्हणजे न्यावं. केबिनमध्येच, सामानात टाकू नका. अमेरिकेतल्या कंपन्यांना २०१५पासून लागू नियमानुसार, वरच्या कप्प्यात मावत असेल आणि चढताना जागा असेल तर लहान वाद्य घ्यावंच लागतं. म्हणून चढायच्या रांगेत लवकर उभे राहा. बाकी कंपन्यांचे नियम तिकिटाआधी वाचा. लांबट पेटीपेक्षा वाद्याच्याच आकाराची पेटी सोपी पडते. तारा अर्धा स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका, बो मात्र पूर्ण सैल. रोझिनची वडी वेगळ्या डबीत, नाहीतर फुटून पेटीभर भुगा होतो. वाद्य भाड्याचं असेल तर दुकानदाराला परदेशी नेतोय हे लिहून कळवा, विमा तिथे लागू आहे का विचारा, आणि भाडेकराराची प्रत नि वाद्याचे फोटो जवळ ठेवा, कस्टम्समध्ये विचारलं तर दाखवायला. जानेवारीच्या पहिल्या तालमीचं नोटेशन निघण्याआधी मॅनेजरकडून मागून घ्या.